ग्रीक शिलालेखातलं खासगी धार्मिक मंडळ कसं ओळखावं आणि कसं वाचावं

मंडळवाचक शब्द दिसला की मंडळ सापडलं, अशी समजूत करून घेऊ नका. दगडावरचं 'कोइनोन' म्हणजे मूठभर भक्तांचा गट असेल, तसाच ऐतोलियासारखा नगरांचा राजकीय संघही असेल. 'एरानोस' म्हणजे वर्गणीवर चालणारं मंडळ, आणि ओळखीच्यांनी मिळून दिलेलं बिनव्याजी कर्जही. ठराव कुणी केला, पैसा कुठून आला आणि माणूस सभासद कसा झाला, या तीन प्रश्नांची उत्तरं लेखातच शोधा.

आधी मंजुरीचं वाक्य बघा. 'बुले (नगराची परिषद) आणि देमोस (नागरिकांची सभा) यांनी ठरवलं' असं असेल तर बोलतंय ते नगर. 'ओर्गेओनेसनी', म्हणजे एखाद्या दैवताच्या पूजेसाठी जमणाऱ्या भक्तांनी, 'ठरवलं' असं असेल तर मंडळ. मंडळं नगराच्या ठरावांची भाषा जशीच्या तशी उचलतात, त्यामुळे सगळा भर 'कुणी' या एका शब्दावर येतो. अथेन्समधले देम (गाव किंवा वस्तीनुसार नागरिकांचे गट) आणि फ्रात्री (कुळांवर आधारलेले बंधुसंघ) हे गटही याच भाषेत ठराव करतात. पण त्यांत माणूस मुख्यतः जन्माने जातो, म्हणून ते वेगळे काढा.

नगराचा ठराव म्हणून लेख बाजूलाही टाकू नका. इ. स. पू. ३३३/२ मध्ये अथेन्सचा राजकारणी लिकूर्गोस याच्या प्रस्तावावरून अथेन्सने सायप्रसमधल्या कितिओनच्या व्यापाऱ्यांना अफ्रोदितेच्या मंदिरासाठी जमीन घेण्याचा हक्क दिला. इजिप्शियनांनी इसिसचं मंदिर उभारलंय, हा दाखला त्याच ठरावात आहे. परक्यांच्या उपासनेचा इतका पक्का पुरावा नगराच्याच तोंडून मिळतो. (३३३/२ असं लिहितात कारण अथेन्सचं वर्ष उन्हाळ्याच्या मध्यावर सुरू होतं.)

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत नेमकी तीच सुटते: कंस वाचणं. छापील पाठात चौकोनी कंसातली अक्षरं दगडावर नाहीत, ती संपादकाने भरलेली आहेत. गोल कंसात संक्षेप फोडलेला असतो, टोकदार कंसात संपादकाची दुरुस्ती असते, दुहेरी चौकोनी कंसात प्राचीन काळीच खोडलेला मजकूर असतो. अक्षराखाली टिंब असेल तर ते अक्षर संदिग्ध. 'थियासोताय' (भक्तमंडळाचे सभासद) यातलं 'थियासो' कंसात आणि 'ताय' तेवढं बाहेर असेल, तर तुमच्याकडे मंडळ नाही, अंदाज आहे. लेख स्तोइखेदोन पद्धतीचा असेल, म्हणजे अक्षरं उभ्या-आडव्या चौकटीत बसवलेली असतील, तर मोजून बघा. ओळ ३० अक्षरांची आणि दगडावर टिकलेली २२ असतील तर जागा ८ अक्षरांची. ११ अक्षरांची भर तिथे सहसा बसत नाही. शक्य असेल तिथे कागदी ठसा किंवा तिरक्या प्रकाशातला फोटो पाठाशेजारी ठेवा.

आता पूर्ण हाती आलेला लेख घ्या: अथेन्सच्या इओबाक्खोसांची, म्हणजे मद्यदेव बाक्खोसच्या भक्तांची, नियमावली, 'इन्स्क्रिप्शिओनेस ग्राएकाए' (ग्रीक शिलालेखांचा संग्रह), खंड २, दुसरी आवृत्ती, क्रमांक १३६८, इ. स. दुसरं शतक. नव्या माणसाला प्रवेशासाठी ५० देनारी (रोमन चांदीची नाणी), वडील सभासद असतील तर २५. बैठक दर महिन्याच्या नवमीला. मद्याची वर्गणी थकली तर प्रवेश बंद. मारामारी करणाऱ्याला २५ 'हलक्या' द्राख्मांचा दंड. हे २५ देनारींच्या बरोबरीचे नाहीत, आणि आकडे एका तक्त्यात टाकताना गफलत होते ती इथेच. मार खाल्लेला सभासद मंडळाच्या पुजाऱ्याकडे न जाता नगराच्या न्यायालयात गेला, तर त्यालाही शिक्षा. मंडळाचा खासगीपणा याहून स्पष्ट कुठे दिसणार? सभासद वारला तर ५ देनारीपर्यंतची पुष्पमाला आणि अंत्यविधीला आलेल्यांना मद्य. जे आले नाहीत त्यांना नाही. मात्र नियम आहे म्हणजे तसं रोज घडत होतं, असं धरू नका. काय घडू नये असं मंडळाला वाटत होतं, एवढंच त्यावरून कळतं.

पैशाचा मार्ग वर्गणीचाच असेल असंही नाही. थेरा बेटावरच्या एपिक्तेताने मृत्युपत्राद्वारे ३,००० द्राख्मांची व्यवस्था केली. त्यातून नातलगांच्या मंडळाला दरसाल २१० द्राख्मा, म्हणजे ७ टक्के, मिळायचे. त्यातून म्युझ, म्हणजे कलांच्या देवता, आणि कुटुंबातले मृत यांची पूजा व्हायची. अशा लेखात मुद्दल, वार्षिक रक्कम आणि तारण हे तीन आकडे वेगवेगळे टिपा.

नावांच्या यादीत वडिलांचं नाव आणि देम दोन्ही असतील तर अथेन्सचा नागरिक. गावाचं विशेषण असेल तर परका. नुसतं एकच नाव असेल तर लगेच 'गुलाम' लिहू नका, याद्यांमध्ये नागरिकांचीही नावं तोडून लिहितात. गुलाम असल्याची खूण लेखात वेगळी लागते, जशी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या भागात मेन देवाचं स्थान उभारणाऱ्या, लिकिया प्रांतातल्या क्सान्थोसच्या लेखात मालकाचं नाव येतं. क्सान्थोसची ही नियमावली दोन दगडांवर, थोड्या फरकाने कोरलेली आहे. तिथे दोन्ही पाठ समोरासमोर लावा आणि एकातली पोकळी दुसऱ्यावरून भरलीत, तर तसं नोंदीत लिहा.