भाजावळ, पातेरा आणि खाडीकाठची हवा: माघ ते वैशाखासाठी सल्ला

दापोली, हर्णै, आंजर्ले, गुहागर या पट्ट्यात थंडी पडली की दिवेलागणीला खाडीवर निळसर पट्टा आडवा पसरतो. आपण त्याला धुकं म्हणून सोडून देतो. पण त्याला जळक्या पाल्याचा वास असतो. यातला धूर बराचसा आपल्याच बागांतला आणि मळ्यांतला: पातेरा म्हणजे गळलेला सुका पाला जाळण्याचा, आणि भाजावळीचा म्हणजे भाताची रोपं टाकायची जागा पाला-गवत पेटवून भाजण्याचा. म्हणूनच तो कमी करणंही आपल्या हातात आहे.

रात्री सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, लवकर निवतो. गार, जड हवा उतारावरून वाडीत आणि खाडीत उतरते आणि वरच्या उबदार हवेचं तिच्यावर झाकण बसतं. त्यातच संध्याकाळी खारे वारे पडलेले असतात आणि मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा) अजून धरलेली नसते. या वेळेत पेटवलेल्या पातेऱ्याचा धूर वर जातच नाही. पुढे मतलई सुटली तरी ती त्याला किनाऱ्यावरच्या घरांमधूनच समुद्राकडे नेते. सकाळी ऊन तापेपर्यंत म्हातारी माणसं आणि लहान मुलं तीच हवा घेतात.

संध्याकाळी पेटवण्यामागे कारण आहे, हे मला मान्य आहे: वारा नसला की आग पळत नाही. पण तसाच मंद वारा सकाळी दंव वाळल्यावर, साधारण साडेनऊ ते साडेअकरापर्यंतही मिळतो आणि तेव्हा धूर वर उठतो. भाजावळ करायचीच असेल तर याच वेळेत करा. भोवती तीन मीटरचा पट्टा गवत काढून मोकळा करा, पाण्याची पिंपं आधी भरून ठेवा आणि दुपारचा वारा धरण्याआधी निखारे पूर्ण विझवा. दुपारी पेटवलेल्या दाढीची, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेची, आग सड्यावर चढली की वणवा होतो आणि शेजाऱ्याची काजूची बाग तासाभरात जाते.

आता मुळात भाजावी किती? कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या-पाला), शेण, गवत जाळल्याने तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळतो. हे फायदे खरे आहेत. पण पाल्यातला नत्र जवळजवळ सगळा धुरावाटे उडून जातो, आणि कवळासाठी दरवर्षी झाडं ओरबाडावी लागतात ती वेगळीच. तणासाठी दुसरा उपाय आहे. एप्रिल-मेमध्ये दाढीची जागा नांगरून, सपाट करून चांगली भिजवा. वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडा आणि चार ते सहा आठवडे उघडू नका. काळा कागद नको, पारदर्शकाखाली माती जास्त तापते. राख हवी असेल तर गिरणीच्या तुसाची काळी राख दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो गादीवाफ्यात मिसळा. चारसूत्री भातशेतीत हीच शिफारस आहे. गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी गाडला की नत्र शेतातच राहतो. पहिल्या वर्षी निम्मीच दाढ अशी करून पाहा.

बागेतला पातेरा तर जाळूच नका. आंब्याचं पान कुजायला चिवट. तुकडे करून, शेणकाला शिंपडत खड्ड्यात थर द्या आणि एक पावसाळा जाऊ द्या. नारळ-सुपारीच्या शिंपणाच्या आळ्यात तो तसाच पसरला तरी ओल टिकते. मात्र सड्यालगतच्या बागेत बांधावर सुका पातेरा साठवू नका, वणव्याला तेच इंधन होतं.

मोहोराच्या दिवसांत बागेजवळ धूर करू नका. परागीभवन करणाऱ्या माश्या आणि मधमाश्या धुराने पळतात. कच्च्या रस्त्याची किंवा चिरेखाणीची धूळ मोहोरावर बसत असेल तर रस्त्यावर दिवसातून दोनदा पाणी मारायला लावा, कडेला शेवरी किंवा गिरिपुष्पाचं दाट कुंपण करा.

फवारणीलाही हेच झाकण नडतं. अगदी निश्चल पहाटे बारीक थेंब खाली न बसता हवेत तरंगत शेजारच्या घरापर्यंत जातात. पान हलेल इतका मंद, एकाच दिशेचा वारा असताना, आणि तो वस्तीकडे जात नसेल अशा वेळी फवारा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. धूर-धुळीसाठी एन-९५ मुखपट्टी चालते, पण औषधाच्या वाफेसाठी कोळशाची गाळणी असलेलाच मास्क लागतो.

काजूची टरफलं घरच्या चुलीत घालू नका. त्यातलं तेल जहाल असतं, त्याचा धूर डोळे आणि घसा जाळतो. ठिबकच्या नळ्या, खताच्या गोणी, जुनी नायलॉनची जाळी यांना तर काडी लावूच नये. ती भंगारवाल्याकडे द्या.

मोबाईलवर दिसणारा हवेचा आकडा बहुतेकदा दूरच्या केंद्राचा किंवा अंदाजाचा असतो. निर्देशांक १०० पर्यंत समाधानकारक, २०० च्या पुढे वाईट, एवढं लक्षात ठेवा. पण आकडा चांगला दिसत असूनही बाहेर धुराचा वास येत असेल तर नाकावर भरवसा ठेवा: घरात दम्याचं माणूस असेल तर खिडक्या लावा आणि त्याला ऊन वर येईपर्यंत गोठ्यात किंवा शिंपणाला पाठवू नका.