रामटेकचा गड चढायचा, तर अंबाळ्याकडून

गाडी थेट वर नेऊन, अर्ध्या तासात दर्शन आटोपून उतरणाऱ्या पाहुण्यांना मी एकच सांगते: पाय धड असतील तर अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढा. नागपूरहून रामटेक पन्नासेक किलोमीटर. एसटी आहे, रेल्वे आहे, आणि गावातून अंबाळ्याला ऑटो मिळतो. उन्हाळ्यात उजाडताच निघा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन दहालाच दगड तापवतं, आणि वर तर अनवाणीच फिरायचं असतं.

आता वानरांचं. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची ही वानरं गडावर सगळीकडे दिसतात. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, झोळ्यात घालून झोळा बंद करा. डोळ्याला डोळा भिडवू नका, दात दाखवून हसू नका. त्यांच्यात ती धमकी असते. छातीशी पिल्लू असलेल्या मादीजवळ मोबाईल घेऊन तर मुळीच जाऊ नका. वानर अंगावर आलंच, तर पळू नका. काठी जमिनीवर आपटत हळूहळू मागे सरा.

आमच्या सासूबाई मारुतीरायाचं रूप म्हणून त्यांना बिस्किटं द्यायच्या. मी त्यांना समजावलं की, आई, याचं पोट पाला पचवायला घडलेलं आहे. पोटातले जंतू पाला आंबवतात, तेव्हा त्याला ताकद मिळते. गोडधोडानं ते सगळं बिघडतं, आणि खाण्याची सवय लागलेलं वानर उद्या एखाद्या लेकराच्या हातावर झडप घालतं. त्यांना ते पटलं. आता त्या फक्त हात जोडतात.

वर पोचलात की किल्ल्यात शिरण्याआधी केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन्ही मंदिरं बघाच. वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली आहेत. इथे नरसिंह एकटाच बसलेला आहे, मांडीवर हिरण्यकश्यपू नाही. केवल नरसिंहाच्या देवळात शिलालेखही आहे. इतकं जुनं देऊळ आपल्या तालुक्यात उभं असताना लोक तिथून सरळ पुढे निघून जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे वराह दरवाजा. आत आधी लक्ष्मणाचं दर्शन, मग रामाचं.

त्रिपुरी पौर्णिमेला अफाट गर्दी असते. सोबत म्हातारं माणूस असेल तर दुसरा दिवस निवडा.