डेंग्यू आणि एन्झाइम: तापात या चुका टाळा

पऱ्हाटी फुलावर येते त्याच सुमारास गावोगाव डेंग्यूचा ताप सुरू होतो. रिपोर्टवर "एन्झाइम वाढले" दिसलं की घरचे घाबरतात आणि औषधांचा मारा सुरू होतो. एन्झाइम म्हणजे पेशीतली कामं घडवणारी प्रथिनं. ही एन्झाइम आपल्याच पेशींची असतात, हे कळलं तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

पहिली चूक अँटिबायोटिकची. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक जिवाणूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर, काम करतं. डेंग्यूचा विषाणू आपल्या पेशीचं रायबोसोम वापरतो, म्हणून त्यावर ते चालत नाही. तिथे तयार झालेली त्याची लांब प्रथिनसाखळी काही ठिकाणी त्याचं स्वतःचं एनएस३ प्रोटिएज हे एन्झाइम कापतं, तर काही ठिकाणी आपल्या पेशीतलं सिग्नल पेप्टिडेज हे एन्झाइम. शेवटचा काप फ्युरिन या आपल्याच पेशीतल्या एन्झाइमचा. सरकीसकट कापसाची गाठ बांधत नाहीत, आधी जिनिंग करावं लागतं. तसंच नव्या विषाणूवरचं प्रीएम प्रथिन फ्युरिननं कापल्यावरच तो पुढच्या पेशीत नीट शिरू शकतो. चिकुनगुनियाचा विषाणूही फ्युरिनचाच वापर करतो.

मग हेच एन्झाइम का बंद करू नये? फ्युरिन आपल्या शरीराची कित्येक प्रथिनंही तयार करतं, म्हणून ते सरसकट अडवणं धोक्याचं. पेशीतलं ग्लुकोसिडेज हे दुसरं एन्झाइम रोखणारं सेल्गोसिव्हिर हे औषध सिंगापूरमध्ये ५० डेंग्यूरुग्णांवर तपासलं गेलं. ताप किंवा रक्तातला विषाणू ठळकपणे कमी झाला नाही. पपईच्या पानातलं पेपेन तर वनस्पतीचं एन्झाइम. ते प्रथिन असल्याने पोटात पचतं. उलट्या होत असताना तो कडू रस पाजण्यापेक्षा ओआरएस घोट घोट द्या.

रिपोर्टवरची एसजीओटी-एसजीपीटी ही यकृताच्या पेशींतली एन्झाइम. ती वाढली म्हणजे कावीळच, असं नाही. डेंग्यूत यकृताच्या पेशी दुखावतात आणि एसजीओटी बहुधा जास्त वाढतं, कारण ते स्नायूंतही असतं. लिव्हर टॉनिकची घाई नको, पॅरासिटामॉलचा हिशेब मात्र काटेकोर ठेवा: मोठ्या माणसाला एका वेळी ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान ६ तास. यकृताला सूज असेल तर डॉक्टर हे प्रमाण आणखी कमी करतात. सर्दीच्या मिश्र गोळीतही पॅरासिटामॉल असतं; नकळत दुप्पट डोस जातो तो इथेच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. ही औषधं सायक्लोऑक्सिजिनेज हे एन्झाइम अडवतात, आणि प्लेटलेटना एकमेकींना चिकटायला तेच लागतं. प्लेटलेटमध्ये केंद्रक नसतं, नवं एन्झाइम बनत नाही. म्हणून अ‍ॅस्पिरिनचा परिणाम प्लेटलेट जगते तितका, म्हणजे ७ ते १० दिवस टिकतो. आधीच प्लेटलेट घटलेल्या रुग्णात याने रक्तस्राव होऊ शकतो. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते परस्पर थांबवू नका, डॉक्टरांना सांगा.

तपासणीची वेळही चुकते. एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी) तापाच्या पहिल्या ५ दिवसांत करा, त्यानंतर आयजीएम (शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी). आणि ताप उतरला म्हणून रुग्णाला वावरात पाठवू नका. पुढचे २४ ते ४८ तास धोक्याचे असतात. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं किंवा लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच ग्रामीण रुग्णालय गाठा.