हप्ता मंदीच्या महिन्यावर मोजा: मोबाईलवरचे कर्ज घेण्याआधी

मोबाईलवर काही मिनिटांत कर्ज मिळणे ही सोय आहे, हे मला मान्य आहे; परंतु ही सोय ज्याचा पगार दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या आकड्याने बँकेत जमा होतो अशा माणसासाठी आखलेली आहे, आणि सोलापूरच्या पूर्व भागातील असंख्य घरे तशी चालत नाहीत. यंत्रमागावर चादर किंवा टॉवेल विणणाऱ्या कामगाराची मजुरी जेवढा माल निघेल तेवढी असते आणि विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. सुताचा भाव चढला, मालाला उठाव राहिला नाही, वीज गेली किंवा कारखान्यातून पाने कमी मिळाली, की त्या आठवड्याची कमाई खाली येते. हप्त्याचा आकडा मात्र तोच राहतो. कर्जात अडकलेल्या घराकडे बोट दाखवून ‘ऐपत नसताना फोन कशाला घेतला’ असे बोलणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अडचण बहुतेक वेळा उधळेपणाची नसते. ती अस्थिर कमाईवर स्थिर हप्ता लादण्याची असते.

म्हणून कोणतेही ॲप उघडण्याआधी एक वही घ्यावी आणि घरातील सर्व कमावत्या माणसांची मागील वर्षाची कमाई, आठवेल तशी, महिन्यानुसार लिहून काढावी. चांगल्या महिन्यांकडे पाहू नये. सर्वांत मंदीचा महिना शोधावा आणि हप्ता त्या महिन्याच्या कमाईवर मोजावा. समजा, घरात चांगल्या महिन्यात 20,000 रुपये येतात आणि मंदीत 12,000. सूक्ष्म कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2022 पासून लागू केलेल्या नियमांप्रमाणे, वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. ही कायद्याने आखलेली वरची हद्द आहे, शिफारस नव्हे. ज्या घरात भाडे, रेशनबाहेरचा किराणा आणि औषधे यांनंतर फारसे काही उरत नाही, तिथे मंदीच्या महिन्याच्या कमाईचा चौथा हिस्सा, म्हणजे या उदाहरणात 3,000 रुपये, हीच सर्व हप्त्यांची मिळून मर्यादा मानावी, असे मी सुचवेन. आधीच चालू असलेले गटाचे हप्ते, दुकानातल्या फोनचा हप्ता आणि भिशीची रक्कम यांचीही बेरीज त्यातच धरावी, कारण कर्ज देणाऱ्याच्या नजरेआड असलेली देणी सहसा हीच असतात.

त्यानंतर कर्जाशिवाय दुसरी वाट आहे का, हे पाहावे. विडी कामगाराचा किंवा कारखान्यातील कामगाराचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर आजारपण, शिक्षण आणि लग्न यांसाठी त्यातून नियमांप्रमाणे काही रक्कम काढता येते. ती स्वतःचीच असते आणि तिच्यावर व्याज भरावे लागत नाही. बचत गटाचे अंतर्गत कर्ज आणि ओळखीच्या पतसंस्थेतील किंवा बँकेतील सोनेतारण हे पर्यायही ॲपच्या आधी तपासावेत. सावकाराकडे जाणे भाग पडलेच, तर त्याच्याकडे परवाना आहे का हे विचारावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते.

ॲपवरूनच कर्ज घ्यायचे ठरले, तर पहिला प्रश्न व्याजाचा नसून पैसे नेमके कोण देत आहे हा आहे. ॲप हे फक्त दार असते. त्यामागे रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील बँक किंवा वित्त कंपनी असलीच पाहिजे आणि तिचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अशा संस्थांच्या कर्ज देणाऱ्या ॲपांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तिच्यात नाव सापडले नाही तर तिथेच थांबावे. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात आली पाहिजे. फोनमधील संपर्क यादी, छायाचित्रे आणि कॉलची नोंद पाहण्याची परवानगी नियमात बसणाऱ्या ॲपला मागताच येत नाही. ओळख पडताळणीसाठी कॅमेरा किंवा ठिकाण एकदा वापरण्याची संमती तेवढी ते मागू शकते. संपर्क यादी मागणारे ॲप त्याच क्षणी काढून टाकावे. बेकायदा ॲपांची पुढची सगळी दहशत, म्हणजे नातेवाइकांना फोन, बदल केलेली छायाचित्रे आणि बदनामीची धमकी, त्या एका परवानगीवर उभी असते. त्यांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे: 5,000 रुपये मंजूर झाल्याचे दाखवायचे, ‘शुल्क’ कापून 3,000 हातात द्यायचे आणि सात दिवसांत 5,000 मागायचे. हे एका आठवड्याचे जवळजवळ 67 टक्के व्याज झाले, आणि याला कर्ज म्हणणे मला मान्य नाही.

कायदेशीर संस्थेच्या कर्जातही एक कागद वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये: मुख्य तथ्य विवरणपत्र. ऑक्टोबर 2024 पासून व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या सर्व नव्या कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर म्हणजे व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा असे सर्व खर्च धरून येणारा खरा दर, प्रत्येक हप्त्याची रक्कम आणि तारीख, तसेच तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क असतो. त्या पत्रात न लिहिलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. हे पत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत दिले पाहिजे आणि समजावून सांगितले पाहिजे, असा नियम आहे. सोलापुरात या नियमाला मोठा अर्थ आहे, कारण इथे एकाच गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी घरे असतात आणि घरात तेलुगू बोलणाऱ्या आजीबाईंकडून इंग्रजी पडद्यावर ‘मी सहमत आहे’ दाबून घेणे ही संमती नव्हे. ज्या भाषेत आपण घरात भांडतो त्या भाषेत कागद मागायला संकोच करू नये.

वार्षिक टक्केवारी दरावर मी एवढा भर देतो, कारण तोंडी सांगितलेला दर बहुधा सरळ असतो. 10,000 रुपये बारा महिन्यांसाठी ‘24 टक्के सरळ’ दराने घेतले, तर 2,400 रुपये व्याज धरून दरमहा साधारण 1,033 रुपये भरावे लागतात. परंतु मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण 10,000 वर मोजलेले असते, त्यामुळे खरा वार्षिक दर 42 टक्क्यांच्या आसपास जातो. वरून 500 रुपये शुल्क आधीच कापले असेल तर तो आणखी चढतो. दोन ठिकाणच्या कर्जांची तुलना करायची असेल, तर केवळ याच दराची करावी. हप्ता लहान दिसतो म्हणून मुदत लांब असलेले कर्ज स्वस्त समजू नये.

रक्कम खात्यात आल्यावर मन बदलले, तर एक संधी असते. डिजिटल कर्जाला फेरविचाराचा किमान एक दिवसाचा काळ द्यावा लागतो. त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते, संस्था फक्त वाजवी प्रक्रिया शुल्क ठेवून घेऊ शकते. म्हणून आलेली रक्कम त्याच दिवशी खर्चू नये. एक रात्र ती खात्यात राहू द्यावी आणि घरातील दुसऱ्या कमावत्या माणसाला, विशेषतः कर्ज पत्नीच्या नावावर आणि खर्च पतीच्या हातून होणार असेल तर त्या पत्नीला, विवरणपत्र वाचून दाखवावे. आपोआप वळता होणारा हप्ता मजुरी मिळण्याच्या दिवसानंतरच्या तारखेला ठेवून घ्यावा, कारण खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला की बँक आणि कर्ज देणारी संस्था, दोघांचेही शुल्क अंगावर येते.

हप्ता थकला तर लपून राहू नये; संस्थेला लेखी कळवावे आणि मुदत वाढवून मागावी. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि सायंकाळी 6 नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी आणि नातेवाइकांना किंवा सहकाऱ्यांना त्रास देणे यांनाही मनाई आहे. उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावता येतो, संपूर्ण कर्जावर नाही. असा त्रास झाल्यास फोनची वेळ, नंबर आणि संदेश जपून ठेवावेत व आधी संस्थेकडे तक्रार करावी; 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते, त्यासाठी 14448 हा क्रमांक आहे. बेकायदा ॲपची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर करावी. पैसे फसवणुकीने गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण जितक्या लवकर नोंद होते तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवण्याची शक्यता अधिक असते. हा आकडा सोलापूरकराला पाठ करावा लागू नये. ब्रिटिशांनी शहरावर लादलेल्या मार्शल लॉचे, म्हणजे लष्करी अमलाचे, वर्ष तेच.

कर्ज पूर्ण फिटल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्यावा आणि आपोआप वळतीची परवानगी बँकेच्या किंवा यूपीआय ॲपमधून स्वतः रद्द करावी. पतमाहिती कंपन्यांपैकी प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. एकदोन महिन्यांनी तो काढून कर्ज ‘बंद’ दाखवले आहे का ते पाहावे, आणि आपल्या नावावर न घेतलेले एखादे कर्ज दिसले तर त्याच दिवशी हरकत नोंदवावी.