तांबडी आरवायला लागली तेव्हा

पुण्यात घरामागच्या खुराड्यात माझ्या चार गावठी कोंबड्या. भिंतीला भिंत लागून शेजार, म्हणून कोंबडा मुद्दामच ठेवला नाही. तरी गेल्या पावसाळ्यात पहाटे साडेचारला घसा बसल्यासारखं ‘कुकुऽऽच’ ऐकू आलं. सकाळी शेजारचे काका गेटवर हजर. “कोंबडा कधी आणलात?”

दुसऱ्या पहाटे बॅटरी मारली तर चौघींतली थोरली, तांबडी! आईचा निकाल तयार: आरवणारी कोंबडी अपशकुनी, रस्सा करा.

मी थांबलो. कळपात कोंबडा नसला की एखादी दांडगी कोंबडी ती जागा घेते. शिवाय कोंबडीचं बहुधा डावंच अंडाशय काम करतं. ते बिघडलं की नराची संप्रेरकं वाढतात, तुरा वाढतो, अंडी थांबतात. हिची दोन महिने बंदच होती.

आधी खुराड्यावर गोणपाट टाकलं. कोंबडं झाकून उजाडायचं राहत नाही, तसं आरवायचंही. कोंबड्यांचं पहाटेचं आरवणं शरीरातल्या घड्याळावर चालतं, हे जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं होतंच.

पण आरवायला मान ताणावी लागते. म्हणून आंब्याचं लाकडी खोकं घेतलं: आरामात बसेल, पण मान वर ताणता येणार नाही एवढंच उंच, हवेला फटी, खाली भुसा. रात्री अंधार पडल्यावर आत, सकाळी सातला बाहेर. पहिल्या रात्री धडपड, तिसऱ्या पहाटे नुसतं ‘कुर्र’.

आता ती सातनंतर एकदाच आरवते. काका पेपरातून मान न काढता म्हणतात, “उठल्या बाईसाहेब.”