मेटफॉर्मिन थांबवल्यानंतर साखरेवर लक्ष कसे ठेवावे

मेटफॉर्मिन हे टाइप २ मधुमेहाचे औषध मुख्यतः यकृतातून रक्तात येणाऱ्या साखरेला आवर घालते. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने ही गोळी थांबवल्यावर बहुधा उपाशीपोटीची साखर वाढू लागते, आणि तीही इतकी हळूहळू की पुष्कळदा रुग्णाला काहीच जाणवत नाही. म्हणून पहिले काही आठवडे सकाळची आणि जेवणानंतर २ तासांची साखर ग्लुकोमीटरवर मोजून तारखेसह लिहावी. एचबीए१सी ही रक्ततपासणी मागील २-३ महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते, तेव्हा लगेच केलेल्या तपासणीवर समाधान मानू नये. उपाशीपोटीची साखर वारंवार १३० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर गेल्यास नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात. अतितहानेबरोबर उलट्या किंवा धाप असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. इन्सुलिन मात्र, हे कळकळीने सांगावेसे वाटते, स्वतःहून कधीही थांबवू नये. टाइप १ मधुमेहात एखाद्या दिवसातच कीटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचणे) होऊन जिवावर बेतू शकते.