गेज १५ दाखवतोय? मेन जेट बदलायच्या आधी हे बघा

स्नोमोबाइलवर वाइडबँड (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर आणि गेज) नवीन बसवला की डोळे बर्फावर कमी आणि गेजवर जास्त असतात, माझं पण तेच झालं. टू-स्ट्रोक ट्विन, फुल थ्रॉटलला आकडा १५ च्या वर (एक भाग पेट्रोलला १५ भाग हवा), म्हटलं लीन म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आता पिस्टन जाणार. मेन जेट (कार्ब म्हणजे कार्ब्युरेटरमधलं फुल थ्रॉटलचं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक साइज मोठा टाकला तर आकडा अजून वर, अजून मोठा टाकला तर इंजिन नुसतं गुरगुरायला लागलं. प्लग काढले, दोन्ही काळे आणि ओलेचिंब. म्हणजे मुळातच रिच (पेट्रोल जास्त) होतं, त्यामुळे मिसफायर (मिक्श्चर न जळणं) होत होता, आणि मिसफायर झाला की न वापरलेला ऑक्सिजन तसाच पाइपमध्ये जातो. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही हो, तो ऑक्सिजनवरून अंदाज काढतो, म्हणून लीन दाखवत बसला.

तर आधी गेजची परीक्षा घ्या. सेन्सर एक्झॉस्टमधून काढून चालू ठेवून मोकळ्या हवेत धरा (तापलेला असतो, हात सांभाळून), काटा लीनच्या टोकाला जायलाच हवा, नाही गेला तर सेन्सर संपलाय किंवा कॅलिब्रेशन गेलंय. टू-स्ट्रोकचं ऑइल आणि लेडवालं रेस फ्युएल सेन्सरला लवकर खातं हे धरूनच चाला. मग सेन्सरच्या आधीचे सगळे जॉइंट आणि गॅस्केट बघा, तिथून बाहेरची हवा आत ओढली गेली तरी खोटं लीन दिसतं. याउलट कार्ब आणि इंजिनमधल्या रबर बूटला चीर असेल तर ते लीन खरं असतं, आणि ते जेटने झाकायचं नसतं, बूट बदलायचा.

दुसरी गोष्ट, दोन्ही सिलेंडरच्या वाटा एकत्र आल्यावर पुढे एकच सेन्सर असेल तर तो सरासरी दाखवतो. एक लीन आणि एक रिच असले तरी गेजवर मस्त १२.५ दिसेल, आणि लीनवाला पिस्टन गुपचूप सीझ होईल. टू-स्ट्रोकमध्ये थोडं ताजं मिक्श्चर न जळताच एक्झॉस्ट पोर्टमधून निसटतं, म्हणून मी तरी तो आकडा फक्त कालच्या आणि आजच्या रनची तुलना करायला वापरतो. ईजीटी (एक्झॉस्ट गॅसचं टेंपरेचर) गेज असेल तर प्रत्येक सिलेंडरला वेगळा प्रोब, पिस्टनपासून सारख्याच अंतरावर. आणि टेंपरेचर खाली आलं म्हणून लगेच खूश होऊ नका, डेटोनेशन (मिक्श्चर स्फोटासारखं एकदम जळणं) सुरू झालं तर उष्णता पिस्टनमध्ये जाते आणि ईजीटी उलट पडू शकतो.

खरा निकाल प्लगवर आणि पिस्टनवर मिळतो. इंजिन नीट गरम करा, नवे प्लग लावा, भुसभुशीत बर्फात लोडवर फुल थ्रॉटलचा एक रन घ्या (कडक ट्रेलवर लोडच नसतो, तिथला आकडा कामाचा नाही) आणि थ्रॉटल धरूनच किल स्विच दाबा. आता प्लगचं पोर्सिलेन (आतला पांढरा इन्सुलेटर) अगदी खाली, मुळाशी, भिंगाने बघा, तिथली रिंग मेन जेटबद्दल सांगते, टोकाचा रंग फसवतो. त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक चमकणारे ठिपके दिसले तर ट्यूनिंग तिथेच थांबवा, ते पिस्टनचेच आहेत. मग प्लगच्या भोकातून बोरस्कोप घालून पिस्टनचा माथा बघा, ट्रान्सफर पोर्टजवळ (ताजं मिक्श्चर सिलेंडरमध्ये येतं ती वाट) पेट्रोलने धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा असतो. पट्टाच नाही तर लीन, अर्धा माथा धुतलेला तर रिच. प्लग, पिस्टन आणि गेज एकच सांगत असतील तर जेट बदला, एका वेळी एकच, आणि सुरुवात नेहमी रिच बाजूने.

आरपीएम कमी मिळतोय म्हणून थेट जेटवर जाऊ नका, सीव्हीटी (बेल्टवाला ऑटोमॅटिक गिअर) क्लचचे वेट जड असले तरी तेच होतं, आणि त्यात माझा एक पूर्ण शनिवार गेलाय.

मेन जेट साधारण पाऊण थ्रॉटलच्या वर बोलतो, मधला भाग नीडलचा (कार्बमधली सुई), पायलट जेट तळाचा, त्यामुळे अर्ध्या थ्रॉटलला लीन होऊन अडखळत असेल तर नीडलची क्लिप एक खाच खाली म्हणजे नीडल वर, मिक्श्चर रिच. आणि सेटिंग लिहून ठेवताना तापमान पण लिहा. शून्यापासून उणे ३० पर्यंत हवा जवळपास १२ टक्के दाट होते, शून्याला अगदी परफेक्ट बसवलेला जेट त्या थंडीत लीन होतो.